माहेरचे मत

मुलीच्या पहिल्या बाळंतपणासाठी मी २००० सालच्या सप्टेंबरात नॅशव्हिलला गेले. पेटीत अळीव, डिंक, खारका, बाळंतशोपा आणि जुन्या मऊ लुगड्यांची दुपटी असा सगळा सरंजाम होता. बाळंतपण करून यायचे एवढाच माझा हेतू. अमेरिकेच्या राजकारणाशी माझा काही संबंध येईल, असे स्वप्नातही नव्हते. पण माणूस जातो एका कामासाठी आणि पदरात भलतेच काही घेऊन परत येतो. तेहतीस वर्षांची एक गाठ माझ्या मनात होती. ती सोडवायला मला टेनेसीपर्यंत जावे लागले.

नॅशव्हिल ही टेनेसी राज्याची राजधानी. त्या नोव्हेंबरात अध्यक्षपदाची निवडणूक होती आणि उभे होते अल गोर. ते याच टेनेसीचे. आठ वर्षे प्रतिनिधिगृहात, आठ वर्षे सिनेटमध्ये आणि आठ वर्षे देशाचे उपाध्यक्ष. त्यांचे वडीलही टेनेसीतून अठरा वर्षे सिनेटर होते. प्रचाराची मुख्य कचेरीसुद्धा वॉशिंग्टनहून हलवून त्यांनी नॅशव्हिलला आणली होती. मी पंचवीस वर्षे शाळेत इतिहास आणि नागरिकशास्त्र शिकविले. मला वाटले, इथे काय निवडणूक पाहायची! घरचाच मुलगा उभा आहे. सगळे राज्य त्याच्या पाठीशी असणार.

मुलीच्या घरापासून कोपऱ्यापर्यंत मी रोज संध्याकाळी फिरायला जात असे. तिथे लोक आपापल्या अंगणात आवडत्या उमेदवाराच्या नावाची पाटी रोवतात. एके दिवशी सहज मोजल्या. गोर यांच्या चार, बुश यांच्या अकरा! मी पुन्हा मोजल्या. आकडा तोच. आणि काय सांगावे, त्या परक्या रस्त्यावर, मेपलची लाल पाने पायाखाली वाजत असताना, मला एकदम आमच्या गावची चावडी दिसू लागली.

१९६७ साली, मी नुकतीच मॅट्रिक झाले होते तेव्हा, माझे वडील जिल्हा परिषदेच्या निवडणुकीला उभे राहिले होते. आबा तालुक्याच्या गावी वकिली करीत. शिक्षणासाठी दहाव्या वर्षी त्यांनी गाव सोडले, पण शेती, वाडा, आजी सगळे गावीच. आबांनी इतर पाच गावे पायी पालथी घातली. पारावर बसले, भाकरी खाल्ली, गाऱ्हाणी लिहून घेतली. आपल्या गावी मात्र गेले नाहीत. "आपल्याच माणसांना काय सांगायचं?" असे म्हणाले. निकाल लागला. पाच गावांनी आबांना वर ठेवले होते. आमच्या गावची पेटी शेवटी फुटली. आबांना १४२, समोरच्याला ३०९. अठ्ठावन्न मतांनी आबा पडले. पाडले ते गावाने.

त्या दिवसापासून आबांनी गावचे पाणी वर्ज्य केले. आजीला तालुक्याला आणले. वर्षाच्या आत आपल्या वाट्याची जमीन दादाकाकांना, म्हणजे आपल्या चुलतभावाला विकून टाकली. १९८९ साली आबा गेले, तोवर ते गावच्या शिवेत गेले नाहीत. मीही गेले नाही. लग्नानंतर बायका माहेरच्या जत्रेला जातात. मी कधी गेले नाही. ज्यांनी माझ्या बापाला घरातून बाहेर काढले, त्यांच्या देवाचा नारळ मला नको होता.

शेजारी एक वृद्ध बाई एकट्या राहात. वय अठ्ठ्याहत्तर. कार्थेजच्या बाजूला त्यांची तंबाखूची शेती होती. नवरा वारल्यावर शेती काढून त्या शहरात लेकीजवळ आल्या होत्या. त्यांचे इंग्रजी लांबवून, हेल काढून बोललेले असे, त्यामुळे मला चांगले समजे. दिवाळीला मी त्यांना चकल्या आणि करंज्या दिल्या, त्यांनी मला अक्रोडासारख्या पेकानची गोड पोळी आणून दिली. त्यांच्या अंगणात बुशची पाटी होती. दोन-तीन दिवस मी मनाशी घोळवले आणि मग विचारलेच.

"गोर तुमच्याच भागातले ना? मग तुम्हांला त्यांचा राग आहे का?"

बाई हसल्या. "राग? राग कशाचा? त्याचे वडील जितक्या वेळा उभे राहिले तितक्या वेळा मी त्यांना मत दिलं. फक्त शेवटच्या वेळी नाही दिलं. मुलालाही १९७६ पासून देत आले. चांगला मुलगा आहे. आज दारात आला तर मी त्याला जेवू घालीन."

"मग?"

"जेवू घालणं वेगळं आणि मत देणं वेगळं. आधी तो बंदुकीबद्दल आमच्यासारखंच बोलायचा. माझ्या नवऱ्याची हरणाच्या शिकारीची बंदूक अजून भिंतीवर आहे. पुढे त्याचं बोलणं बदललं. त्याला साऱ्या देशासाठी बोलावं लागत असेल, ते मला समजतं. पण त्या साऱ्या देशात मी कुठे आहे, ते मला दिसेना." थोडा वेळ थांबून त्या म्हणाल्या, "आणि आपलेच आहेत म्हणून आम्हांला कुणी विचारायलाही आलं नाही."

हे शेवटचे वाक्य माझ्या काळजात रुतले. मी घरी आले आणि अळिवाची खीर ढवळता ढवळता तेच वाक्य ढवळीत राहिले.

सात नोव्हेंबरच्या रात्री नॅशव्हिलला पाऊस पडत होता. वॉर मेमोरियलच्या चौकात हजारो माणसे भिजत गोर यांची वाट पाहात उभी होती. आम्ही घरी दूरदर्शनसमोर. मुलीला दिवस भरत आलेले, तिला झोप नव्हतीच. टेनेसी बुश यांच्याकडे गेल्याचे कळले तेव्हा जावई नुसते "अरेरे" म्हणाले. त्या वेळी त्याचे कुणालाच मोठेसे वाटले नाही, कारण सगळ्यांचे डोळे फ्लॉरिडाकडे लागले होते. मध्यरात्रीनंतर गोर यांनी बुश यांना फोन करून पराभव मान्य केला, पावसातल्या माणसांशी बोलायला ते निघाले, आणि वाटेतच फ्लॉरिडातला फरक अगदी थोडा आहे असे कळल्यावर त्यांनी दुसरा फोन करून पहिला परत घेतला. पुढचे पाच आठवडे मतपत्रिकांची छिद्रे भिंगाने तपासण्याचा जो प्रकार चालला, तो जगाने पाहिला. शेवटी ५३७ मतांनी फ्लॉरिडा बुश यांना मिळाले.

पण माझ्यातली मास्तरीण हिशेब करायला बसली. तिथे अध्यक्ष थेट लोकांच्या एकंदर मतांनी निवडला जात नाही. प्रत्येक राज्याला त्याचे प्रतिनिधिगृहातले सभासद अधिक दोन सिनेटर इतकी निर्वाचक मते असतात. मेन आणि नेब्रास्का ही दोन राज्ये सोडली तर राज्यात ज्याला एका मताने का होईना आघाडी, त्याच्या पदरात तिथली सगळी मोळी पडते. अशी ५३८ मते, जिंकायला २७० हवीत. बुश यांना २७१ मिळाली. देशभरात गोर यांना पाच लाखांहून अधिक मते जास्त पडली, तरी ते हरले. आणि टेनेसीची मोळी होती ११ मतांची. ती मिळाली असती तर फ्लॉरिडात काय झाले ते कुणी विचारलेही नसते! टेनेसीत ते सुमारे ८० हजार मतांनी मागे पडले होते. सारे जग फ्लॉरिडाची छिद्रे मोजीत होते, आणि खरी खोच घरातच होती. आमच्या गावची पेटीही अशीच शेवटी फुटली होती.

नातू झाला. बारसे झाले. बाळंतिणीला शेकून झाल्यावर दुपारी दोन तास मला मोकळे मिळत. जावई मला सार्वजनिक वाचनालयात सोडीत, आणि मी एकच गोष्ट शोधीत बसे: घरच्यांनी नाकारलेला हा पहिलाच की याआधीही कुणी? मला वाटले होते, दोन-चार सापडतील. सापडले डझनावारी.

काहींची गोष्ट सरळ आहे. दोघेही उमेदवार एकाच राज्याचे असले तर एकाला हरणे भागच. १९२० साली हार्डिंग आणि कॉक्स दोघेही ओहायोचे, दोघेही वर्तमानपत्रांचे मालक. १९४४ साली रूझवेल्ट आणि ड्यूई दोघेही न्यू यॉर्कचे. काहींचे घर हे नुसता पत्ता असते. निक्सन मूळचे कॅलिफोर्नियाचे. १९६२ साली तिथे गव्हर्नरपदाची निवडणूक हरल्यावर ते वकिलीसाठी न्यू यॉर्कला गेले, आणि १९६८ मध्ये अध्यक्ष झाले तेव्हा न्यू यॉर्कने त्यांना नाकारले, कॅलिफोर्नियाने स्वीकारले. अलीकडचेच पाहायचे तर २०१६ साली ट्रंप न्यू यॉर्क हरून अध्यक्ष झाले. पुढे त्यांनी फ्लॉरिडाचा पत्ता केला, २०२० मध्ये फ्लॉरिडा जिंकले आणि निवडणूक हरले.

काही ठिकाणी राज्याचा पिंडच वेगळा असतो. माणूस आवडला म्हणून एकदा त्याला गव्हर्नर करतात, पण देशाचा प्रश्न आला की लोक आपल्या जुन्या पक्षाच्या उंबऱ्यात परत जातात. विल्सन न्यू जर्सीचे गव्हर्नर होते. १९१६ साली न्यू जर्सीने त्यांना पाठ दाखविली, आणि त्यांना तारले ते दूरच्या कॅलिफोर्नियातल्या चार हजारांहूनही कमी मतांनी. स्टीव्हन्सन इलिनॉयचे गव्हर्नर, पण १९५२ आणि १९५६ दोन्ही वेळा इलिनॉय आयझेनहॉवर यांच्या मागे गेले. रॉम्नी मॅसॅच्युसेट्सचे गव्हर्नर होते. २०१२ साली ते राज्य गेले, आणि त्यांचे वडील जिथे गव्हर्नर होते ते मिशिगनही गेले. अशा माणसांवर घरच्यांचा राग असतो असे नाही. घरच्यांची आपली एक रीत असते, आणि मुलगा त्या रीतीबाहेर गेलेला असतो.

पण मला सगळ्यांत जवळचे वाटले ते मॅकगव्हर्न. दक्षिण डकोटाच्या एका धर्मोपदेशकाचा मुलगा. दुसऱ्या महायुद्धात बाँबफेकी विमान चालविले, शौर्यपदक मिळविले. १९७२ साली व्हिएतनामचे युद्ध थांबवीन म्हणून अध्यक्षपदाला उभे राहिले आणि पन्नासांपैकी एकोणपन्नास राज्ये हरले. त्या एकोणपन्नासांत दक्षिण डकोटाही होते. इथवर वाचून मी पुस्तक मिटणार होते. पुढचे पान उलटले म्हणून बरे. १९७४ साली, दोनच वर्षांनी, त्याच दक्षिण डकोटाने मॅकगव्हर्न यांना पुन्हा सिनेटवर निवडून दिले! म्हणजे माणूस नकोसा झाला नव्हता. आमचे गाऱ्हाणे घेऊन वॉशिंग्टनला जायला तू हवास. साऱ्या देशाचा होऊन आमच्याकडे परत यायला नकोस, एवढेच त्यांचे म्हणणे असावे.

उलटही घडते. १९८४ साली रेगन यांच्या लाटेत मोंडेल यांच्या हाती राजधानीचा जिल्हा सोडला तर एकच राज्य राहिले, ते त्यांचे मिनेसोटा. तेही चार हजारांहून कमी मतांनी. सगळ्या देशाने दार लावले, एका माहेराने तेवढे किलकिले ठेवले. पण वाचताना मला जाणवले की मिनेसोटाचे कौतुक करून टेनेसीला दोष देण्यात अर्थ नाही. गोर यांचे बालपण खरे म्हणजे वॉशिंग्टनमध्ये गेले. शाळा तिथली, राहाणे तिथल्या एका हॉटेलात, आणि उन्हाळ्यात कार्थेजच्या शेतावर. वडील १९७० साली सिनेटची निवडणूक हरले तेही याच आरोपावर, की हे आता आपले राहिले नाहीत, वॉशिंग्टनचे झाले. व्हिएतनामच्या युद्धाला त्यांचा विरोध होता, १९६५ साली काळ्या लोकांच्या मतदानहक्काच्या कायद्याला त्यांनी मत दिले होते. आज आपण म्हणू की ते बरोबरच होते. पण त्या साली त्यांच्या माणसांना ते पटले नाही. बरोबर असणे आणि आपला असणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत, आणि लोक मत देताना दुसरीचीही किंमत करतात.

एका रविवारी जावयांनी मला विधानभवन दाखवायला नेले. टेकडीवरच्या त्या आवारात एक लहानशी समाधी आहे. ती जेम्स पोक यांची. हे १८४४ साली अध्यक्ष झाले. त्याआधी टेनेसीने त्यांना गव्हर्नरपदासाठी लागोपाठ दोनदा, १८४१ आणि १८४३ साली, पाडले होते. आणि ज्या वर्षी देशाने त्यांना निवडले त्या वर्षीही टेनेसीने सुमारे १ लाख २० हजार मतांपैकी शंभर-सव्वाशेंच्या फरकाने पाडले. त्यांना तीनदा 'नाही' म्हणणाऱ्या राज्यानेच आपल्या विधानभवनाच्या अंगणात त्यांना जागा दिली आहे. लिंकन यांचेही तसेच. स्प्रिंगफील्ड ज्या सँगमन काउंटीत आहे, त्या काउंटीने १८६० आणि १८६४ दोन्ही वेळा त्यांना कमी मते दिली, आणि १८६५ साली त्यांचा देह विसावला तो तिथेच.

समाधीपाशी मी बराच वेळ उभी राहिले. थंडी होती. जावई म्हणाले, "आई, निघू या का?" मी हो म्हटले, पण पाय निघेना.

तेरा डिसेंबरला रात्री गोर यांचे शेवटचे भाषण झाले. नातू माझ्या मांडीवर होता. आदल्याच दिवशी सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला होता. गोर यांच्या बोलण्यात कडवटपणा नव्हता. शेवटी शेवटी ते म्हणाले की आता टेनेसीला जाऊन काही कुंपणे दुरुस्त करायची आहेत; खरोखरीचीही आणि तशीही. मुलीने समजावले, कुंपण दुरुस्त करणे म्हणजे इंग्रजीत तुटलेले संबंध सांधणे. आपल्याकडे शेताला कुंपण नसते, बांध असतो. बांध फुटला की पाण्याबरोबर माती वाहून जाते, आणि तो घालायला दोन्ही बाजूंच्या शेतकऱ्यांनी वाकावे लागते. मला वाटले, या माणसाने हे सगळ्या जगासमोर सांगितले. आमच्या आबांना घरातसुद्धा सांगता आले नाही. आणि त्यांच्यामागून मलाही नाही.

परत आल्यावर २००१ च्या चैत्रात मी गावी गेले. एस. टी.तून उतरले तेव्हा पार ओळखीचा वाटला, माणसे एकही नाही. दादाकाका ओसरीवर बसले होते. नव्वदीला आलेले, दिसत कमी होते. नाव सांगितल्यावर त्यांनी माझा हात धरला तो सोडलाच नाही. पाणी आले, चहा आला. मी पाणी प्याले. मग तेहतीस वर्षांचा प्रश्न विचारला.

"पोरी, हायस्कूल आठवतं का तुला?" दादाकाका म्हणाले. "आपल्या गावानं जागा काढून ठेवली होती. तुझा बा म्हणाला, हायस्कूल मधल्या गावात पाहिजे, म्हणजे सगळ्या गावच्या पोरांना सारखं चालावं लागेल. बरोबर बोलला होता. माझी नातवंडं तिथंच शिकली. पण त्या साली आमच्या दारातली शाळा गेली होती, आणि बरोबर आहे म्हणून मत द्यावं एवढं आमचं मन मोठं नव्हतं. तरी आला असता, ओसरीवर बसला असता, चार शिव्या खाल्ल्या असत्या, तर निम्मं गाव वळलं असतं. तो आलाच नाही. आम्हांला वाटलं, याला आमची गरज नाही."

मी गप्प बसले. शेजारच्या टेनेसीच्या बाई तंबाखूच्या शेतातून उठून आमच्या ओसरीवर येऊन बसल्यासारखे मला वाटले.

"तो गेल्याचं कळलं त्या दिवशी इथं बाजार होता," दादाकाका सांगू लागले. "पालं पडली होती. आम्ही ती उठवली. दहा-बारा जण मिळेल त्या गाडीनं तालुक्याला आलो. स्मशानात मागं उभे होतो. पुढं यायचं धाडस झालं नाही. तुम्ही कुणी बघितलं नाही आमच्याकडं."

खरे होते. मी पाहिले नव्हते. गावचे कुणी येईल हे माझ्या मनातच नव्हते, मग डोळ्यांना कुठून दिसणार?

निघताना काकूंनी मला आत बोलावले. पाटावर बसवून हळदकुंकू लावले आणि ओटी भरली: तांदूळ, नारळ, खण, सुपारी. ते तांदूळ आबांच्याच जमिनीतले होते. ओटी भरता भरता काकू म्हणाल्या, "तुझ्या बापाचं आणि गावाचं काय असेल ते असेल. तुला गं कुणी काय केलं होतं? माहेरला एकदा तरी यायचंस की."

मला उत्तर सुचले नाही. मी पदर पुढे धरून तशीच बसून राहिले.